उघड्या घराची राखण

संस्कृतीचं लग्न कोणत्या देशात लावायचं हे ठरवायला हनुमंताच्या घरी टीव्हीसमोर बैठक बसली, तेव्हा हनुमंतानं सगळ्या देशांना मिळून एकच प्रश्न विचारला.

"किती रात्री?"

टीव्हीवर पुण्याची मंडळी दिसत होती. नवरा मुलगा शार्दूल, त्याचे आईवडील, आणि लग्नाचं सगळं बघणारी एक इव्हेंटवाली मुलगी. तिचे हात तोंडापेक्षा जास्त बोलत होते. इकडे हनुमंत, त्याची बायको मंदा, धाकटा भाऊ भागवत, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली सगळी भावकी. संस्कृती मधोमध रिमोट घेऊन बसली होती. तीच पुण्यात नोकरीला होती, तिनंच मुलगा पसंत केला होता, आणि मुलगा खरंच चांगला होता, त्याबद्दल हनुमंताला काही बोलायला जागा नव्हती.

जागा दुसरीकडेही नव्हती. व्याही बांधकामातले मोठे गृहस्थ, एकुलता एक मुलगा. पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "आमची हौस, आमचा खर्च. तुम्ही फक्त माणसं आणा." असं म्हटल्यावर मुलीच्या बापानं काय बोलायचं? हनुमंतानं हात जोडले. भावकीला मात्र कंठ फुटला. ज्यांनी जन्मात नगरच्या पुढची एसटी पाहिली नव्हती त्यांनी महिन्याभरात पासपोर्टचे फोटो काढून आणले.

"श्रीलंका," इव्हेंटवाली म्हणाली. "समुद्र, नारळाची झाडं, एकदम ट्रॅडिशनल."

"किती रात्री?" हनुमंतानं विचारलं.

"तीन, अंकल."

हनुमंताचा चेहरा उजळला. पण मंदा ताठ झाली. "जिथं सीतामाईला झाडाखाली बसून रडायला लागलं, तिथं माझ्या लेकीला बोहल्यावर चढवू व्हय?" झालं, लंका बुडाली. व्याह्यांनीही मान डोलवली, त्यांना हे सुचलंच नव्हतं.

मग दुबई आली. दुबईला दोनच रात्री पुरत होत्या. हनुमंत गुडघ्यावर उठून म्हणाला, "दुबई लई झ्याक!" त्याला दुबईतलं काय ठाऊक होतं कोण जाणे. पण व्याही म्हणाले, "आमच्या धंद्यातले सगळे दुबईलाच करतात हो. आपण काहीतरी वेगळं करू." थायलंडचं नाव निघालं तेव्हा भागवत आणि त्याच्या वयाचे दोघं-तिघं उगाच हसले, आणि बायकांनी चर्चा न करता थायलंड मोडीत काढलं. मग हनुमंतानं सगळा धीर एकवटून स्वतःच एक देश सुचवला. "नेपाळ कसं हुईल? जवळ हाय. देवाधर्माचं हाय."

विहीणबाई हसल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण हसल्या. "नेपाळला फॉरेन कोण म्हणतं, भाऊ? आमच्या सोसायटीतल्या आज्या यात्रेच्या गाडीनं जाऊन येतात."

शेवटी व्हिएतनाम ठरलं. पांढरी वाळू, कंदिलांचं गाव, मुंबईहून सरळ विमान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच रात्री, आणि येण्याजाण्याचं धरून आठवडाच. हनुमंतानंही टाळी वाजवली, पण ती सगळ्यांच्या नंतर वाजली.

"अंकल प्लॅनिंगमध्ये एकदम पक्के आहेत," इव्हेंटवाली कौतुकानं म्हणाली. "सगळ्यात आधी रात्री विचारतात."

"पप्पांचं काय विचारता," संस्कृती हसत म्हणाली, "त्यांना दुकान सोडवत नाही."

दुकानाचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण तसं समजलं तर समजू दे, म्हणून हनुमंतही हसला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. हनुमंत शिंगणापूरचा. शिंगणापुरातल्या घरांना दारं नसतात. शनिदेव गावाची राखण करतो, आणि इथं चोरी करणारा सुखानं वेस ओलांडत नाही, अशी श्रद्धा आहे. चौकट असते, चौकटीला पडदा असतो, रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवून ठेवतात. कडी, कोयंडा, कुलूप ह्या वस्तू घरात नाहीत. हनुमंताचं देवळाकडच्या वाटेवर तेल, काळं कापड आणि रुईच्या हारांचं दुकान होतं, आणि मागच्या जुन्या आळीत घर. आलेल्या भाविकाला तेलाची बाटली देता देता तो वर्षानुवर्षं एकच बोलणं ऐकवत आला होता: "अवो, आमच्या देवालाच छप्पर न्हाई. उघड्यावर उभा हाय. मग आमाला दार कशाला?" लोक खूश व्हायचे, कोणी त्याच्या मागे घर बघायला यायचं, चौकटीत उभं राहून फोटो काढायचं. हनुमंत ह्या बोलण्यावर जगला होता, आणि बोलणं खोटं नव्हतं. त्याच्या घरातून कधी चमचा गेला नव्हता.

पण त्याच्या घरात कधी माणूस नाही असंही झालं नव्हतं.

हे त्याच्या ध्यानात आलं ते आई गेल्यावर. बनुबाई, त्याची आई, तीन वर्षांपूर्वी गेली. तोवर घर कोण बघणार हा प्रश्न ह्या घरात कोणी विचारलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेलं असायचं. गावोगावची लग्नं झाली, बारशी झाली, दहावे झाले, सगळे गेले आणि बनुबाई राहिली. हनुमंताचं स्वतःचं लग्न पाथर्डीला झालं, मांडव मुलीच्या दारी, तेव्हाही वऱ्हाडाची जीप निघाली आणि बनुबाई चौकटीत उभी राहून हात हलवत होती. "जावा तुमी. मला गाडी लागती." एवढंच म्हणाली होती. गाडी लागते हे सगळ्यांनी खरं मानलं. पुढे एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिला नगरला नेलं, तर जाता-येता खिडकीला नाक लावून बसली होती, तिला काहीसुद्धा लागलं नाही. हनुमंतानं तेव्हा हे पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. आई गेली, आणि घराला दार नाही हे त्याला वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदा जाणवलं.

आईच्या पश्चात मंदा कुठे गेली की तो थांबायचा, तो गेला की मंदा. तसं निभत होतं. आता मात्र दोघांनाही जायचं होतं, आणि भागवत, त्याची बायको, सून, चुलते, चुलत्या, आळीतलं एकूणएक माणूस त्याच बसमध्ये बसणार होतं. व्याह्यांनी माणसं आणा म्हटलं होतं ना.

भीती कशाची, असं कोणी विचारलं असतं तर हनुमंताला सांगता आलं नसतं. सोनं तर पोरीच्या अंगावर जाणार होतं. घरात होतं काय, भांडीकुंडी, टीव्ही, आईचा पलंग. पण उघडं घर टाकून सात रात्री परदेशात झोपायचं, हा विचार आला की त्याची झोप उडायची. आणि ही भीती बोलून दाखवण्याची सोय नव्हती. जन्मभर सांगितलं काय आणि मनात आहे काय! देव राखण करतो असं जगाला सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराला राखणदार ठेवायचा म्हणजे देवाच्या तोंडावरच त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं. बरं, भीती होती म्हणजे श्रद्धा नव्हती असंही नाही. दोन्ही होतं, आणि दोन्ही खरं होतं, हेच त्याचं दुखणं होतं.

दुसऱ्या बाजूला लेक होती. एकुलती एक. तिच्या बारशाच्या वेळी हनुमंतानं नेवाशाहून एक तांब्याची झारी आणून ठेवली होती. कन्यादानाला ह्याच झारीनं पाणी सोडायचं, असं त्यानं तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. पोरगी पाळण्यात आणि बाप कन्यादानाला बसलाय! दर दिवाळीला तो ती झारी चिंचेनं घासायचा. इतकी वर्षं घासून तिच्यावरची नक्षी बुजत आली होती.

एक दिवस धीर करून तो ज्ञानेश्वर गुरुजींकडे गेला. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, पलीकडच्या आळीत राहणारे, भावकीतले नव्हते म्हणून बसच्या यादीत नव्हते. त्यांना म्हणायचं होतं की, गुरुजी, तेवढे दिवस आमच्या ओट्यावर झोपायला येता का. हनुमंतानं वाक्य घरून पाठ करून नेलं होतं.

"ये, ये," गुरुजी म्हणाले. "व्हिएतनाम! नशीब काढलंस बाबा. आमचा मेव्हणा पुण्याला असतो, दोन दिवस गावाला जायचं तर तीन कुलपं लावतो, शेजाऱ्याला किल्ली देतो, वर वॉचमनला सांगून येतो, अन् तरी रात्रभर तळमळतो. आपल्याला त्याची चिंता न्हाई. पडदा सोडायचा अन् चालायला लागायचं. काय?"

"व्हय," हनुमंत म्हणाला.

"काय काम काढलंस?"

"काय न्हाई. आमंत्रण द्यायला आल्तो. म्हंजे... आल्यावर जेवाण ठेवणारे. त्याचं."

घरी येऊन त्यानं हे मंदाला सांगितलं नाही. पण ती बाई काही आंधळी नव्हती. चार दिवसांनी भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी राहते मागं. तुमी जावा."

"आईबिगर लगीन व्हतं काय?"

"मग बापाबिगर व्हतं?"

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा मंदा म्हणाली, "चला दोघंबी. सोडा देवावर. इतकी वर्सं सांगितलं ना लोकांला, आता आपुन करून दावू." हनुमंताला ते पटलं. खरंच पटलं. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी शांत झोपला.

निघायचा दिवस शनिवार आला. विमानाची वेळ तशीच होती, त्याला कोण काय करणार. आळीच्या तोंडाशी व्याह्यांनी पाठवलेली बस उभी राहिली, पांढरी, थंड हवेची. हनुमंतानं नवा कोट घातला. देवघरात दिवा लावला, त्यात तेल काठोकाठ घातलं. चौकटीचा पडदा सोडला, फळी टेकवली. मग फळी उगाच एकदा काढून पुन्हा टेकवली. भागवत बसमधून ओरडला, "दादा, फळीला काय कुलूप लावतो का?" सगळी बस हसली. हनुमंतही हसला आणि वर चढला. संस्कृतीनं खिडकीशेजारची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. झारी मंदाच्या मांडीवरच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली होती.

बस घोडेगावच्या रस्त्याला लागली आणि समोरून गाड्या यायला लागल्या.

शनिवार म्हणजे शिंगणापूरचा गर्दीचा दिवस. जीपा, टेम्पो, मोठाल्या मोटारी, मोटारसायकलवर तिघं-तिघं. दर शनिवारी हीच माणसं हनुमंताला गिऱ्हाईक वाटायची. त्या दिवशी तो पहिल्यांदाच त्यांच्या समोरून उलट्या दिशेला चालला होता. प्रत्येक गाडीत अनोळखी तोंडं, आणि सगळी तोंडं त्याच्या घराकडे निघालेली. आळीत कोणी नाही. पडद्याच्या आत कोणी नाही. गाड्या संपेनात. एक गेली की दुसरी, तिच्यामागे तिसरी. हनुमंतानं डोळे मिटून शनिदेवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर मिटल्या डोळ्यांसमोर आई चौकटीत उभी राहिली आणि हात हलवायला लागली.

घोडेगाव आलं. बस हायवेला वळणार तेवढ्यात हनुमंत उठून उभा राहिला.

"थांबवा. माझ्या पोटात कळ आली."

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. पाणी, लिंबू, ओव्याची पुडी. भागवत म्हणाला दवाखान्यात दाखवू, चुलते म्हणाले वारा सरला की बरं वाटेल. हनुमंत रस्त्याकडेला वाकून उभा होता, आणि खरोखरच त्याच्या पोटात आता कळ यायला लागली होती.

"तुमी व्हा म्होरं," तो म्हणाला. "इमान थांबायचं न्हाई. मी जरा पडतो घरी, उद्याच्या इमानानं येतो."

"असं कसं येणार, पप्पा? तुम्हाला एकट्याला जमणार आहे का?" संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मी पण उतरते. आपण उद्या दोघं जाऊ."

"आगं नवरी तू. तिकडं हळद हाय तुझी." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येतो म्हन्लं ना बाळा. येतो."

बापानं लेकीशी इतकं धडधडीत खोटं कधी बोलू नये. पण बोलला तो. मंदा बसच्या पायरीवर उभी होती. ती पिशवी छातीशी घट्ट धरून त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला सगळं कळलंय हे हनुमंताला कळलं. बस निघून गेली. कोट घातलेला तो माणूस देवाला जाणाऱ्या एका टेम्पोला हात करून मागे दाटीत उभा राहिला.

घरी आला तर ओट्यावर एक म्हातारी बसली होती. लुगडं परभणीकडच्या वळणाचं, पायात वहाणा नाहीत. फळी बाजूला काढून भिंतीला नीट लावून ठेवलेली.

"कोन पायजे, आजी?"

"कोनी न्हाई. पानी प्याले आल्ते बाबा. हाका मारल्या, कोनी ओ देईना. आत बगितलं तर दिवा जळायलाय अन् मानूस न्हाई." ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. "मंग माजा पाय निगंना. समदे दर्शनाला गेले, मी म्हन्लं, जावा तुमी, मी बसते. उगडं घर टाकून कसं जावं? कोनी येईस्तवर बसू म्हन्लं. तुमचंच का घर?"

"माझंच."

"मंग आता मी निगते. लई लांबून आल्ते, दर्शन राह्यलंय."

हनुमंतानं तिला बळेच बसवलं, चहा करून दिला. तिनं बशीत ओतून फुंकून प्यायला. त्याच्या मनात येत होतं की हिच्या पाया पडावं, आणि हेही की बस अजून नगरही ओलांडून गेली नसेल. पण म्हातारी निघाली, तिची माणसं तिला शोधत आली होती. पुढच्या सात रात्री काही ती बसणार नव्हती. तो तिला आळीच्या तोंडापर्यंत पोहोचवून आला, फळी जागेवर टेकवली आणि आईच्या पलंगावर बसून राहिला. कोट काढायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला, त्यानं ताप सांगितला. तिसऱ्या दिवशी तिकीट मिळत नाही असं सांगितलं. व्याह्यांनी फोन घेऊन, तिकिटाचं मी बघतो, तुम्ही फक्त मुंबईला या, असं म्हटलं, तेव्हा त्यानं डॉक्टरचं नाव पुढं केलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला खोटं एकदा सांगून भागत नाही हेही ठाऊक नव्हतं. संस्कृती रडली, मग रागावली. "काका-काकू कन्यादानाला बसतील," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काय करणार?" हनुमंत हो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी त्यानं सकाळी अंघोळ करून तोच कोट घातला. आळी चिडीचूप होती. आडवार, त्यामुळे भाविकही तुरळक आणि तेही देवळाकडेच. तिकडं दिवस आपल्या आधी मावळतो, म्हणून इकडं उन्हं अजून चौकटीत होती तेव्हाच फोन वाजला. भागवतच्या सुनेनं व्हिडिओ लावला होता. हनुमंतानं मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला आणि हात जोडून पुढ्यात बसला, देवळात बसावं तसा.

समुद्र दिसला. कंदील दिसले. भावकी पांढऱ्या खुर्च्यांवर इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून बसली होती. मंदा दिसली, पैठणी नेसलेली, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. मग लोक मागे वळून बघायला लागले. मोबाईलही वळला. वाळूत एक मोठी लाकडी चौकट उभी केली होती. तिला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. दार नव्हतं. त्या चौकटीतून संस्कृती आली, मुंडावळ्या बांधलेली, हातात हार, आणि सगळे उभे राहिले.

इव्हेंटवालीचं काम. कोणीतरी तिला नवरीच्या गावाची गोष्ट सांगितली असणार.

हनुमंत उठला आणि घरातल्या घरात, रिकाम्या जागेत, उभा राहिला. मंगलाष्टकं झाली. त्यानं मुठीत अक्षता घेऊन ठेवल्या होत्या, त्या मोबाईलवर टाकल्या. मग कन्यादान आलं. भागवत पाटावर बसला, त्याच्या हातात झारी होती. ती धार पडताना हनुमंतानं स्वतःचे दोन्ही हात पुढे केले होते, हे त्याला नंतर कळलं. तो रडला. कोणी बघायला नव्हतं म्हणून आवाज काढून रडला.

थोड्या वेळानं शार्दूलनं मोबाईल हातात घेतला. घामेजलेला, हसरा, गुणी पोरगा. "पप्पा, बरं वाटतंय ना? एक गंमत करायची आहे. इथे आमचे सगळे पाहुणे आहेत, माझे ऑफिसचे मित्र आहेत, कोणाला खरं वाटत नाहीये. तुमचा कॅमेरा मी मोठ्या स्क्रीनवर लावतोय. जरा बाहेर जाऊन घर दाखवाल का? अख्खं. चौकट दिसेल असं."

हनुमंतानं डोळे पुसले. कॅमेरा उलटा कसा करायचा ते जावयानं सांगितलं तसं केलं. पडदा बाजूला सारला, फळी काढली, पायऱ्या उतरून आळीत गेला आणि घराकडे तोंड करून मोबाईल दोन्ही हातांनी उंच धरला.

चौकट दिसत होती. चौकटीतून आत आईचा पलंग, देवघर, देवघरातला दिवा. माणूस कोणी दिसत नव्हतं.

शार्दूल तिकडं माईकवर बोलत होता. "बघा! सगळं घर इथं लग्नाला आलंय. आत कोणी नाही, दार नाही, कुलूप नाही. आणि एक वस्तू जाणार नाही. ह्या घरातली मुलगी मी केली आहे!"

टाळ्या पडल्या. मोबाईलच्या एवढ्याशा तोंडातून त्या कितीतरी वेळ येत राहिल्या. कोणीतरी शिट्टी मारली. भावकीही वाजवत होती, भागवत तर उभा राहून.

टाळ्या ओसरल्यावर संस्कृतीचा आवाज आला. "पप्पा? पप्पा, तुम्ही कुठे आहात? तुम्ही दिसतच नाही. चौकटीत जाऊन उभे राहा ना. मला तुम्हाला घरासकट बघायचंय."

"व्हय, व्हय बाळा," हनुमंत म्हणाला आणि त्यानं आळीत वर बघितलं, खाली बघितलं. भागवतचं घर उघडं, चुलत्यांचं उघडं, सगळ्यांचे पडदे वाऱ्यानं हलत होते. मोबाईल धरायला कोणी नव्हतं.

"थांब हां," तो म्हणाला. "कोनी येतंय का बघतो." आणि मोबाईल तसाच घराकडे धरून तो उभा राहिला.